कॅपच्या सीझनला दुकान टाकताय? मग ऑप्शन फॉर्मला हात लावू नका

सीझनल धंद्याच्या व्हिडिओनंतर पंधरा-वीस जणांचे फोन आले. उदगीर, अहमदपूर, हदगाव, किनवट, सगळीकडून. प्रश्न साधारण एकच होता. "सर, जून ते ऑगस्ट इंजिनिअरिंग-फार्मसीच्या फॉर्मला लई गर्दी असतीय. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर घेऊन बसलो तर जमंल का?"

जमेल. माझं जमलंय. नांदेडला माझं स्टेशनरी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. वर्षातले नऊ महिने ते घरभाडं आणि पगार काढतं, आणि हे तीन महिने खरा नफा देतात. त्यामुळे "हा धंदा करू नका" असं मी सांगणार नाही. फक्त या धंद्यात एक गोष्ट विकायची नसते असं माझं मत झालंय, आणि ते मत मला फुकटात मिळालेलं नाही. आज त्याबद्दलच लिहितो.

आधी ही भानगड काय आहे ते दुकानदाराच्या भाषेत बघू. कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. राज्याचा सीईटी सेल आधी परीक्षा घेतो, मग अर्ज मागवतो, कागदपत्रं तपासतो आणि सगळ्या राज्याची एक गुणवत्ता यादी लावतो. मुलगा आपल्या पसंतीची कॉलेजं आणि शाखा क्रमाने भरतो, त्यालाच ऑप्शन फॉर्म म्हणतात. मग कॉम्प्युटर यादीतल्या पहिल्या नंबरच्या मुलाला उभा करतो, त्याची यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली जागा शिल्लक दिसेल ती त्याला देतो. मग दुसरा नंबर, मग तिसरा. रेशनच्या दुकानासारखंच आहे, फक्त प्रत्येकाच्या हातात स्वतःची चिठ्ठी आहे.

हे एका भावाचं दुकान आहे, आणि ते आपल्यासाठी चांगलं आहे असं मी ठामपणे म्हणतो. आमच्या वडिलांच्या पिढीला विचारा. १९८३ नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं निघाली, त्यानंतर डोनेशन हा शब्द घराघरात आला. कोण किती देतो त्यावर जागा. पुढे सुप्रीम कोर्टात १९९३ चा उन्नीकृष्णन, २००२ चा टी. एम. ए. पै, २००५ चा इनामदार असे एकामागून एक निकाल आले, आणि २०१५ ला राज्याने खासगी व्यावसायिक कॉलेजांच्या प्रवेश आणि फी नियंत्रणाचा कायदाच केला. आजचा सीईटी सेल आणि फी ठरवणारं प्राधिकरण त्या कायद्यातलं आहे. ज्याच्या बापाची कुणाशी ओळख नाही त्या लोह्याच्या नाहीतर कंधारच्या पोराला पुण्या-मुंबईच्या पोराबरोबर एकाच रांगेत उभं राहता येतं, ते यामुळे.

पण रांग एक असली तरी रांगेत उभं कसं राहायचं हे सगळ्यांना सारखं माहीत नसतं. तिथंच आपलं दुकान येतं. आणि तिथंच मी चुकलो.

गोष्ट २०२५ च्या सीझनची. त्या वर्षी नियम बदलले होते. तीनच्या जागी चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला तर जागा आपोआप पक्की, ज्याला ऑटो फ्रीझ म्हणतात. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काहीही लागलं की पक्की. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. चौथ्या फेरीत जे लागेल ते. पक्की झाली की पुढच्या फेरीत जाता येत नाही. घ्यायची, नाहीतर कॅपमधून बाहेर.

मुखेडकडचा एक मुलगा होता. पर्सेंटाइल ८८ च्या आसपास. वडिलांचं बसस्टँडजवळ चहा-भज्यांचं छोटं हॉटेल. पोरगं हुशार, एका वहीच्या पानावर बारा कॉलेजांची यादी स्वतः लिहून आणली होती, कोड नंबर सकट. पहिल्या फेरीत काही लागलं नाही. दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरायला तो आला त्या दिवशी मी लातूरच्या बॅचला होतो. दुकानात माझा असिस्टंट आणि बाहेर तीस जणांची रांग. मुलाने पान दिलं आणि बस पकडायला गेला. असिस्टंटने फॉर्म भरला, वडिलांना फोन लावून ओटीपी घेतला आणि कन्फर्म केला.

फक्त एक "मदत" त्याने स्वतःच्या मनाने केली. यादीत बाराव्या नंबरला एक कॉलेज होतं, पुण्याच्या बाहेर, मेकॅनिकल. मुलाने ते अगदीच काही नाही मिळालं तर म्हणून लिहिलं होतं. असिस्टंटने ते उचलून तिसऱ्या नंबरला ठेवलं. का? तर "सर, पहिल्या फेरीत त्याला काहीच लागलं नव्हतं. म्हटलं एक शुअरवालं वर ठेवावं."

लागलंच ते. लागणारच होतं. पहिल्या दोन जागा भरल्या होत्या, तिसऱ्याला हे शिल्लक होतं, कॉम्प्युटर तिथंच थांबला. तिसऱ्या क्रमांकावरचं म्हणून ऑटो फ्रीझ. नंतर कट-ऑफची यादी आली तेव्हा मी बसून तपासलं. मुलाच्या मूळ पानावर जे चौथ्या नंबरला होतं, छत्रपती संभाजीनगरचं कॉम्प्युटर, ते त्या फेरीत त्याच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलला बंद झालं होतं. म्हणजे पान जसंच्या तसं भरलं असतं तर ती जागा त्याची होती.

दोघं बाप-लेक दुकानात आले. मला वाटलं भांडतील. वडील नुसते म्हणाले, "मंग आता काय करावं दादा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फॉर्मचे पैसे परत केले, पुण्याला जाण्या-येण्याचं तिकीट काढून दिलं, पण त्याने काय होतंय? पोरगं आज तिथं मेकॅनिकल शिकतंय. असिस्टंट अजून माझ्याकडेच आहे, कारण चूक त्याची कमी आणि माझी जास्त होती. तीस जणांच्या रांगेत एका पोराला बसवून मी दीडशे रुपयांत एका घराची चार वर्षं भरायला दिली होती.

आता त्याने जे केलं ते का चुकलं ते नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे दहातले सात दुकानदार हेच करतात. लोकांच्या डोक्यात असं असतं की वर मोठी कॉलेजं लिहिली तर नंबर "वाया जातो" आणि खालचं पण हातचं जातं. असं काही होत नाही. तुमचा नंबर आला की तुमची पूर्ण यादी वाचली जाते. वरची मिळाली नाही म्हणून खालच्या जागेवरचा तुमचा हक्क एका इंचानेही मागे सरकत नाही, कारण तुमच्या मागच्या नंबरच्या मुलाला तुमच्यानंतरच विचारतात. त्यामुळे पर्याय मनापासून जसे आवडतात त्याच क्रमाने लिहायचे. शुअरवालं सगळ्यात खाली. २०२५ च्या नियमात एवढीच काळजी जास्त होती की दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनमध्ये आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहामध्ये जे लिहिता ते मिळालं तर आनंदाने जाल असंच पाहिजे. प्रत्येक फेरीआधी यादी नव्याने भरता येते, त्यामुळे घाबरून पहिल्याच दिवशी सगळं ठरवायची गरज नसते. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून यंदाची माहिती पुस्तिका निघाली की स्वतः वाचा. माझ्या किंवा कुणाच्याही व्हिडिओवर जाऊ नका.

कट-ऑफची यादी वाचणं ही दुसरी गोष्ट, आणि हे मात्र तुम्ही गिऱ्हाईकाला जरूर शिकवा. त्यात पैसे घ्यायलाही हरकत नाही. यादीत प्रवर्गाच्या कोडच्या शेवटी एक अक्षर असतं. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीच्या जागा, ओ म्हणजे बाहेरच्यांच्या, एस म्हणजे राज्यस्तरीय. सीओईपी, व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी एस दिसतं. बाकी बऱ्याच कॉलेजांत ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे. आता गंमत बघा. होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी कुठून पास झालात त्यावरून. म्हणजे सोलापूरचं पोरगं लातूर पॅटर्नसाठी इथं येऊन बारावी झालं तर ते आपल्या विद्यापीठाचं, आणि नांदेडचं पोरगं पुण्याला जाऊन बारावी झालं तर ते पुण्याचं. त्याच कॉलेजचे एच आणि ओ चे आकडे बऱ्याचदा वेगळे असतात. पालक चुकीच्या रकान्यातला आकडा बघून खूश होतात किंवा रडतात.

असल्या टक्केवारीचं महत्त्व काय असतं हे लातूरला सांगायची गरज नाही. मेडिकलला असाच ७०:३० चा प्रादेशिक कोटा होता. मराठवाड्यात कॉलेजं कमी आणि नीटला बसणारी मुलं ढीगभर, त्यामुळे चांगले मार्क असून आपली मुलं मागे राहतात ही तक्रार कित्येक वर्षं होती. सप्टेंबर २०२० मध्ये तो कोटा रद्द झाला, तेव्हा वैद्यकीय शिक्षण खात्याचे मंत्री लातूरचेच अमित देशमुख होते. तेव्हा ट्यूशन एरियात पेढे वाटलेले मी बघितलेत.

आणखी एक अक्षर, टी. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिकवणी फी माफ असलेल्या जागा. मंजूर जागांच्या ५ टक्के, त्या जागांच्या वर जादा दिलेल्या. ज्यांच्या घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांच्यासाठी. या जागेचा कोड वेगळा असतो आणि शेवटी टी असतो. कोड वेगळा म्हणजे ऑप्शन फॉर्ममध्ये ओळ पण वेगळी लिहावी लागते. तेच कॉलेज, तीच शाखा, पण टी ची ओळ लिहिली नाही तर त्या जागेसाठी तुम्ही रांगेतच नाही. दरवर्षी माझ्यासमोर असे पालक बसतात ज्यांना कुणी हे सांगितलेलंच नसतं. टी चा कट-ऑफ वर जातो हे खरं, पण टी ची ओळ आधी आणि साधी ओळ तिच्याखाली लिहिली तर नुकसान काहीच नाही.

आता पैशाचं बोलू, कारण धंद्याचा ब्लॉग आहे.

एप्रिल-मे मध्ये काही माणसं तुमच्या दुकानात येतील. इस्त्रीचा शर्ट, हातात डायरी, कॉलेजचं माहितीपत्रक. "सर, तुमच्याकडे मुलं येतात, आमच्याकडे पाठवा, प्रत्येक अॅडमिशनमागे बघून घेऊ." ज्या कॉलेजांच्या जागा रिकाम्या राहतात त्यांचा हा नेहमीचा मार्ग आहे. खरं सांगतो, पहिल्या वर्षी मी दोन मुलांचे पैसे घेतले. तेव्हा त्याला मार्केटिंग समजत होतो. बीबीएला शिकलो होतो ना, रेफरल फी म्हणजे काय ते. पण रेफरल फीचा साधा नियम असा की गिऱ्हाईकाला ती माहीत पाहिजे. ज्या बापाने मला फॉर्मचे दीडशे रुपये दिले त्याला हे माहीत नव्हतं की त्याच्या पोराला कुठं पाठवायचं याचे मला दुसऱ्या बाजूने हजारो मिळणार आहेत. याला आपल्याकडे दलाली म्हणतात आणि मोंढ्यात निदान अडत्या तरी आपण अडत्या आहोत हे लपवत नाही.

त्यात अजून एक मेख आहे. ही माणसं बऱ्याचदा संस्थास्तरावरची, म्हणजे मॅनेजमेंट कोट्याची जागा गळ्यात मारतात. "कॅपचं टेन्शनच नको, आत्ताच पक्कं करा." पण सरकारी फी सवलती बहुतेक कॅपमधून आलेल्या मुलांनाच लागू होतात. राजर्षी शाहू महाराज योजनेतली शिकवणी फीची सवलत घ्या, किंवा ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नावर मिळालेली पूर्ण फीमाफी घ्या. मॅनेजमेंटची जागा घेतली की ही सवलत गेली. एका मुलीच्या घराला चार वर्षांत लाखभर रुपयांच्या वर फटका बसू शकतो, तेही तुमच्या एका "आत्ताच पक्कं करा" मुळे.

मग कमवायचं कशात? कागदपत्रांत. आणि ते जूनमध्ये नाही, मार्चपासून. जूनमध्ये तहसीलवर जी झुंबड असते ती कुणाला सांगायला नको. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, ईडब्ल्यूएस, जात पडताळणी. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, गेल्या वर्षीचा दाखला पिशवीत घेऊन लोक जूनमध्ये येतात आणि तेव्हा कळतं की तो जुना झालाय. जात पडताळणीची पावती जोडून अर्ज चालतो, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर मुलगा खुल्या प्रवर्गात जातो. एसईबीसीत येणाऱ्याला ईडब्ल्यूएस मिळत नाही, हे २०२४ पासून कितीतरी घरांना फॉर्म भरताना कळलं. तुम्ही मार्चमध्ये बारावीच्या मुलांची यादी करा, कुणाचा कोणता दाखला बाकी आहे ते वहीत लिहा आणि फोन करत राहा. आपले सरकार केंद्राचं लायसन्स असेल तर उत्तमच. नसेल तर नागरिकाच्या स्वतःच्या लॉगिनवरून अर्ज करता येतो, तुम्ही स्कॅन आणि अपलोडचे पैसे घ्या. या कामात मेहनत आहे, उपकार आहे आणि पैसे पण आहेत. माझ्या सीझनच्या कमाईतला निम्म्याहून जास्त भाग आता इथून येतो.

जाता जाता बीबीएचं, कारण तो माझा दुखरा कोपरा. मी बीबीएला गेलो तेव्हा मार्कशीट आणि टीसी घेऊन कॉलेजच्या खिडकीवर उभा राहिलो, अर्ध्या तासात अॅडमिशन. २०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांनाही सीईटी आणि कॅप लागली. मे महिन्यात पहिली परीक्षा झाली. जागांच्या मानाने मुलंच कमी बसली, म्हणून ऑगस्टमध्ये परत परीक्षा घ्यावी लागली. मधल्या काळात कितीतरी कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं, म्हणजे सीईटीची कटकट नको. इंजिनिअरिंगला कॅप पाहिजे असं मी वर म्हटलंय, तिथं चांगल्या जागा कमी आणि हात जास्त आहेत. पण जिथं जागा रिकाम्या पडतात तिथं टोकन मशीन बसवून काय साधतंय? गावाकडची मुलगी, जिला तारीखच कळली नाही, तिचं वर्ष जातं. या एका बाबतीत सरकारने पुन्हा विचार करावा. हे माझं मत, तुम्हाला पटलं नाही तर सांगा.

माझ्या दुकानात आता ऑप्शन फॉर्मसाठी कोपऱ्यात एक वेगळा कॉम्प्युटर आहे. त्याचा तासाचा दर पन्नास रुपये. खुर्चीवर मुलगा किंवा मुलगी बसते, माउस त्यांच्याच हातात, पासवर्ड आणि ओटीपी त्यांनीच टाकायचा. आम्ही शेजारी उभं राहून कोड कुठं असतो, कट-ऑफ कशी वाचायची एवढं सांगतो. यादी भरली की प्रिंट काढून घरी न्यायची, रात्री आई-वडिलांसमोर वाचायची, आणि कन्फर्म दुसऱ्या दिवशी. शेवटच्या दिवशी आलेल्यालाही निदान पानावर सही केल्याशिवाय कन्फर्म करू देत नाही.

त्यामुळे मागच्या सीझनच्या शेवटच्या फेऱ्यांत काही गिऱ्हाईकं "तुम्हीच भरून द्या ना, एवढं काय" म्हणत उठून समोरच्या दुकानात गेली. जाऊ दिली. यंदा मार्चमध्ये त्यातले दोन जण धाकट्या पोरांचे दाखले काढायला परत आले होते.

पुढच्या व्हिडिओत मार्चची ती वही कशी बनवायची, कोणत्या दाखल्याला किती दिवस धरायचे आणि दर किती लावायचा ते दाखवतो. लातूरच्या बॅचला येणाऱ्यांनी आपल्या तालुक्यातल्या ज्युनिअर कॉलेजांची यादी करून आणा.